लोकरबाईंचे हात

खांबाची आणि लोकरबाईंची पहिली भेट झाली तेव्हा जमीन हादरली, दिवे गेले आणि इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची सगळी तान्ही बाळं एकदम रडायची थांबली, असं खांब आजही शपथेवर सांगतो. जमीन हादरल्याचं दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही. दिवे गेले होते, पण ते एरवीही जायचे. राहता राहिली बाळं. ती बहुधा खांबाला बघूनच गप्प झाली असावीत. एवढा लांबलचक माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि जन्म होऊन त्यांना फार तर दोन दिवस झाले होते.

खांब म्हणजे बालरोग विभागात नव्यानं शिकायला आलेला डॉक्टर. त्याला घरच्यांनी ठेवलेलं एक बरं नाव आहे, पण ते त्या दिवशी जे मागे पडलं ते पडलंच. स्तनपानाच्या प्रशिक्षणाला तो उशिरा पोचला. खुर्ची उरली नव्हती, म्हणून मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि आपण कुणाला दिसत नाही अशा समजुतीत निवांत झाला.

"हा खांब कालपर्यंत इथे नव्हता," समोरून आवाज आला.

पाठोपाठ काहीतरी मऊसर हवेतून आलं. शाळेत असताना खांबानं एकही झेल घेतला नव्हता. हा मात्र घेतला, आणि मूठ उघडून बघतो तर जांभळ्या लोकरीचा, सुबक विणीचा, आत कापूस भरलेला एक स्तन.

"पुढे या. खुर्चीत बसा. तो छातीशी धरा आणि ही बाहुली घ्या," लोकरबाई म्हणाल्या. "तुम्ही आई. बाळंत होऊन तिसरा दिवस. झोप नाही. सासूबाई म्हणतायत, दूध पुरत नाही. चला, पाजा."

"मॅडम, मी पुरुष आहे."

"ते दिसलं. बाहुलीची काही हरकत नाही."

खांबानं बाहुली मांडीवर घेतली आणि तिच्यावर असा वाकला की मागच्यांना त्याची फक्त पाठ दिसू लागली.

"बाळाला स्तनाकडे आणायचं असतं, डॉक्टर. तुम्ही स्तन घेऊन बाळाच्या मागे लागलाय. अशानं आठवड्यात कणा जायचा, आणि तुमच्या मापाचा कणा लवकर मिळायचा नाही."

खोली हसली. खांबाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच क्षणी त्यानं ठरवलं की या बाईच्या वाऱ्याला पुन्हा उभं राहायचं नाही, आणि पुढची दोन वर्षं तो त्यांच्या मागेमागे फिरला.

लोकरबाई त्या विभागाच्या प्रमुख होत्या. उंचीनं खांबाच्या कोपराएवढ्या. आवाज मात्र असा की जिन्यात बोलल्या की गच्चीवरची कबुतरं उडायची. डॉक्टरांना, परिचारिकांना, सुइणींना बाळाला पाजण्याचं शास्त्र शिकवणं हे त्यांचं काम. त्यासाठी लागणारे स्तन त्या घरी स्वतः विणत. उरलीसुरली लोकर वापरत, त्यामुळे एक पिवळा होता, एक हिरव्या पट्ट्यांचा, आणि एक चक्क जावयाच्या उसवलेल्या स्वेटरचा. जावयानं तो ओळखला होता, पण बोलण्याची त्याची हिंमत झाली नव्हती.

खांबाला त्यांच्यात सगळ्यात आवडलं ते त्यांचं चुका मोजणं. दरवर्षीच्या पहिल्या तासाला त्या हात चोळत उभ्या राहायच्या, मेजवानीला बसल्यासारख्या. "गेल्या वर्षी मी काय काय चुकीचं शिकवलं ते आधी सांगते. आईचं दूध निर्जंतुक असतं असं मी सांगायचे, त्यात तर जंतूंची वस्ती निघाली, आणि बाळाच्या उपयोगाची निघाली. स्तनात दूधनळ्या पंधरा-वीस असतात असं आमच्या पुस्तकात होतं, सोनोग्राफीत त्याच्या निम्म्याच दिसल्या. पुढचं दूध पातळ आणि मागचं दाट, अशी दोन वेगळी दुधं असल्यासारखं मी बोलायचे, आणि बिचाऱ्या आया घड्याळ लावून पाजायच्या. दूध एकच, त्यातली साय हळूहळू वाढते." नवं संशोधन हाती आलं की त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना बक्षीस लागलं. आपलं म्हणणं खोटं ठरल्यावर एवढं आनंदी होणारं माणूस खांबानं डॉक्टरांत तरी पाहिलं नव्हतं.

आणि त्यांचा नियम. पूर्वी त्या स्वतःच बाळाचं डोकं मागून धरायच्या आणि स्तनावर दाबायच्या. तेव्हा सगळेच तसं करायचे. मग अभ्यासांतून कळलं, डोक्यावर दाब आला की बाळ मान मागे टाकतं, झगडतं, आणि पुढे स्तन दिसला की रडतं. तेव्हापासून हात लावणं बंद. आईचं शरीर आईचं, बाळ तिचं, जमवायचंही तिनंच. आपण शेजारी बसायचं, विचारायचं, बघायचं. पण डॉक्टरांचे हात कुठले ऐकतात? म्हणून फेरीला निघताना बाई प्रत्येकाला लोकरीचा एक गुंडा द्यायच्या. तो दोन्ही हातांनी पाठीमागे धरायचा आणि फेरी संपेपर्यंत सोडायचा नाही. वॉर्डातून ती रांग निघाली की वाटायचं, ही सगळी मंडळी कुणाच्या तरी घरातून काहीतरी ढापून चालली आहेत. फेरी संपल्यावर बाई गुंडे चाचपायच्या. खांबाचा नेहमी घामानं ओला असायचा.

"हात शिवशिवतात का?"

"हो, मॅडम."

"शिवशिवू देत. त्याला औषध नाही."

खांबाच्या दुसऱ्या वर्षी लोकरबाईंची लेक त्याच इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली. लेक इमारतींचे नकाशे काढायची, आईसारखीच बुटकी आणि आईसारखीच ठाम. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बाळ झोपाळू झालं, स्तनाशी नेलं की तोंड उघडायचं आणि तसंच झोपून जायचं. परिचारिका हातानं काढलेलं चिकाचं दूध चमच्यानं भरवत होती, म्हणून काळजीचं कारण नव्हतं. पण लेकीचा धीर सुटत चालला होता. तिनं जावयाला सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत बघते, नाहीतर बाटली आण.

हे कानावर आलं आणि लोकरबाई खोलीत गेल्या. लोकर न घेता गेल्या. आत काय झालं ते खांबाला जावयाकडून कळलं. बाई आधी बसल्या, विचारलं, पाहिलं, सगळं नियमानं. मग बाळानं तोंड उघडलं, आणि बाईंचा हात आपसूक पुढे झाला, बाळाच्या डोक्यामागे गेला आणि त्यांनी दाबलं. बाळ धनुष्यासारखं वाकलं आणि किंचाळलं. लेक म्हणाली, "आई, तू बाहेर हो. आणि तुझा तो खांब आहे ना, त्याला पाठव."

बाळाचं राहिलं बाजूला, बाईंसमोर कसं जायचं हाच खांबापुढे प्रश्न होता. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात विणायच्या सुया नव्हत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. तिला मागे रेलून बसू द्या. मध्ये कपडा नको, बाळ उघड्या छातीवर..." आणि मग स्वतःच थांबल्या. "जा. तुम्हाला येतंय."

खांब गुंडा मागे धरून आत गेला. लेक डोळे पुसत होती.

"तुम्ही काय करणार?" तिनं विचारलं.

"मी काही नाही."

"मग आलात कशाला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून. तुम्हाला चालणार असेल तर जरा मागे रेला. बाळाचा कपडा काढून तिला छातीवर पालथी ठेवा आणि वर चादर घ्या. मग तिला हवं ते करू दे."

"बसा तरी. मान दुखते तुमच्याकडे बघून."

तिथलं स्टूल मुद्दाम बुटकं केलेलं होतं, आईपेक्षा खाली बसावं म्हणून. खांब त्यावर बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांशी आले. लेकीला हसू फुटलं, आणि ते ओसरल्यावर ती बोलायला लागली.

"लहानपणी मी बाहुल्यांशी खेळायचे ना, तर आई येऊन बाहुली नीट धरायला लावायची. जेवताना आमच्याकडे हाच विषय. पाहुणे यायचे बंद झाले. मला वाटायचं, आयुष्यात बाकी काही जमो न जमो, एवढं तरी मला येईलच."

काय बोलावं ते न सुचल्यास गप्प राहावं, असं बाई शिकवायच्या. खांबाला एरवीही फारसं सुचत नसे, त्यामुळे या विषयात त्याला पैकीच्या पैकी मिळायचे. बाहेरून आवाज येत होते.

"जावईबापू, बाजूला व्हा. मी नुसती काचेतून बघते."

"तुम्हाला आत सोडू नको म्हणून सांगितलंय तिनं."

"मी या विभागाची प्रमुख आहे."

"आहात ना. पण बायको माझी आहे."

आत लेकीनं भुवया उंचावल्या. "हा बोलला?"

"आवाज त्यांचाच वाटतो," खांब म्हणाला.

बाळ बराच वेळ तसंच पडून राहिलं. मग एक हात तोंडाकडे नेला. जीभ बाहेर आली, आत गेली. डोकं उचललं, आपटलं, पुन्हा उचललं. पाय मारत मारत ते एका बाजूला सरकलं. खांबाच्या पाठीमागचा गुंडा पिळून निघाला. हात लावला असता तर काम क्षणात झालं असतं, असं त्याचा प्रत्येक स्नायू त्याला सांगत होता, आणि हेच लोकरबाईंच्या हातालाही वाटलं असणार, हे त्याला तिथे बसल्याबसल्या कळलं. बाळानं हनुवटी टेकवली. मोठ्ठा आ केला. एकदा निसटलं. पुन्हा आ केला, आणि या वेळी धरलं.

लेक श्वास रोखून बसली होती.

"दुखतंय?" खांबानं विचारलं.

"सुरुवातीला ओढ बसली. आता नाही." थोड्या वेळानं ती म्हणाली, "हा कसला आवाज?"

"गिळतेय."

तो बाहेर आला तेव्हा जावई दाराला पाठ लावून उभा होता आणि लोकरबाई त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून. त्यांनी खांबाची तोंडी परीक्षाच सुरू केली.

"हनुवटी?"

"टेकलेली."

"खालचा ओठ?"

"बाहेर वळलेला."

"गाल?"

"भरलेले. आत ओढले जात नव्हते."

"गिळताना ऐकलंत की मनानं सांगताय?"

"तिनं आधी ऐकलं, मॅडम. मी नंतर."

लोकरबाई बाकावर बसल्या. जावयाकडे न बघता त्याला म्हणाल्या, "तुम्ही चांगलं अडवलंत." मग खांबाला म्हणाल्या, "मी डोकं धरलं."

"कळलं मला."

"शिकवायला उभी राहते तेव्हा मला सगळं येतं. तिथे माझी मुलगी होती."

खांब त्यांच्या शेजारी बसला. बसल्यावरही तो त्यांच्यापेक्षा बराच उंच होता, म्हणून जरा घसरून बसला. आपण ज्या बाईंना एवढं मानतो त्यांना धीर कसा द्यायचा हे कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं, तेव्हा त्यानं हातातला ओला गुंडा त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो चाचपला. "पिळला तर बादली भरेल," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मग उठून दारावर टकटक केलं आणि विचारलं, "मी येऊ का?"

"ये," लेक आतून म्हणाली. "पण शिकवू नकोस."

त्या आत गेल्या आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. जाणकारांच्या मते लोकरबाई एवढा वेळ सलग गप्प बसल्याचा हा एकमेव प्रसंग होय.

बाटली त्या संध्याकाळी आली नाही. नात पाच महिने आईच्या दुधावर होती. मग लेकीची रजा संपली. ऑफिसात दूध काढण्यासाठी तिला जुन्या नकाशांची खोली मिळाली, आणि त्या खोलीचं दार आतून लागत नव्हतं, त्यामुळे दूध काढणं राहूनच जायचं. महिन्याभरात दूध आटलं आणि बाळ डब्याच्या दुधावर गेलं.