आप्पांची पापणी

यंदा आमचे आप्पा सरकारी हिशेबाने मयत झाले. त्या दिवशी दुपारी त्यांनी मटणावर ताव मारला आणि रस्सा पातळ झालाय म्हणून आईशी भांडले.

आप्पा रस्त्याच्या कामावरचे निवृत्त मजूर. पेन्शनवाल्याने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे मशीनवर अंगठा टेकवून आपण अजून आहोत हे पटवायचं. आप्पांचा अंगठा उमटेना. उमटणार कसा? गारगोटीच्या रस्त्याला खडी टाकून रेषा झिजल्या त्या सरकारच्याच नोकरीत, आणि आता सरकारच विचारतंय, रेषा कुठं आहेत! दाखला नाही म्हणून पेन्शन थांबली. आईच्या हृदयाच्या गोळ्या त्याच पैशावर. (मी कमावता आहे. पण नवऱ्याच्या पेन्शनीची गोळीच आपल्याला लागू पडते, असं तिचं ठाम मत आहे.)

भांडायच्या तयारीनेच मी आप्पांना कचेरीत नेलं. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, अंगठा राहू द्या, चेहरा चालतो. मोबाईलकडे बघून फक्त पापण्या मिटायच्या.

इथंच घात झाला. आप्पा तरुणपणी मंगळवार पेठेच्या तालमीत घुमलेले. नजरेला नजर भिडली की पापणी लवू द्यायची नाही, ही वस्तादांची शिकवण. ते मोबाईलकडे असे बघू लागले, की आता त्याला चितपटच करणार. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी पापणी हलेना. साहेबांनी विनवलं, मोबाईल तर कधीपासून विनवत होता.

“आप्पा, मिटा की डोळं,” मी दात खात म्हणालो.

“वस्ताद काय म्हणतील?”

“वस्ताद कवाच वारलं.”

“मग वरनं बघत असतील की.”

मागून रांगेतला एकजण म्हणाला, पावणं, आटपा. माझा तोल सुटला. जिवंत माणूस समोर बसलाय, श्वास घेतोय, हट्ट करतोय, आणखी कसला पुरावा पाहिजे, असं ओरडत मी टेबलावर दाणकन मूठ आपटली. त्याच क्षणी आप्पांनी डोळे गच्च मिटले आणि दाखला निघाला!

बाहेर आल्यावर मी छाती फुगवून म्हणालो, “बघितलंसा? माझ्या दणक्यानं तुमीबी दचकलासा.”

“दचकतोय कशाला? मनगट वाकडं ठिवून मूठ आपटत्यात व्हय? बघवंना, म्हणून डोळं मिटलं.”

मनगट तेव्हापासून ठणकतंय, पण घरात कण्हायची सोय राहिलेली नाही.