दगड उचलायला वाकलो तेव्हा

जर्मनीत गार्चिंगला पीएचडी करत होतो, तेव्हाची दोन हजार सहाची गोष्ट. ईस्टरच्या सुट्टीत लॅबमधल्या एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मी मायोर्का बेटावरचे डोंगर चढायला गेलो होतो. ऑलिव्हच्या बागांमधून वर जाणाऱ्या वाटेवर एका शेतघरातलं काळं, थोराड कुत्रं आमच्या अंगावर धावून आलं. सहकारी जागच्या जागी उभा राहिला आणि मला म्हणाला, "हलू नकोस. त्याच्या डोळ्यांत बघू नकोस."

हा मला कुत्र्यांबद्दल शिकवतोय. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, कुत्रं अंगावर आलं की दगड उचलायला वाकायचं. दगड नसला तरी चालतं, ते शेपूट घालून पळतंच.

मी वाकलो आणि कुत्र्याने थेट माझा दंड पकडला. दात मांसात रुतले. दुसऱ्या हाताला दगड लागला, तो मी त्याच्या थोबाडावर हाणत सुटलो. नाकातून रक्त आलं तरी ते सोडेना.

तेवढ्यात मालक धावत आला आणि त्याच्यावर खेकसला. कुत्र्याने मला सोडलं, पण गुरगुरत समोरच उभं राहिलं. माझी टोपी खाली पडली होती. ती उचलून द्यायला मालक वाकला. त्याबरोबर कुत्र्याने जमिनीला पोट टेकलं, डोळे मिटले आणि तिथेच मुतलं.

म्हणजे वाकलेला माणूस त्याला चांगला ओळखीचा होता.

मालकाने टोपी झटकून हसत माझ्यापुढे धरली. दगड अजून माझ्या हातात होता, आणि आता मला तो मालकाच्या टाळक्यात घालायचा होता.