जतच्या घळीत आम्ही दोघंच

मी बायकोला फिरायला नेलं ते जत तालुक्यात. हे मी जिथे जिथे सांगितलं, तिथे ऐकणाऱ्याने आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं आहे, तिच्याकडे जरा जास्त वेळ. लोक महाबळेश्वरला नेतात, पन्हाळ्याला नेतात, अगदीच नाही तर सांगलीच्या घाटावर नेऊन भेळ तरी खाऊ घालतात. मी तिला जानेवारीच्या थंडीत, मोठा दुष्काळ सरून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना, एका कोरड्या घळीत नेलं. तेही पायी.

याला कारण होतं. मी तेव्हा पलटणीत हवालदार होतो आणि वर्षातून दोन महिने रजेवर पलूसजवळच्या आमच्या गावी यायचो. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची चार पोरं आणि दोन बैल. (बैल गोठ्यात असत, पण गोठ्याची आणि आमच्या खोलीची भिंत एकच होती, आणि त्यांना सर्दी फार व्हायची.) अशा घरात नवराबायकोने एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. इंदूला मला काही सांगायचं असलं तर ती वहिनीच्या धाकट्या पोरीला मोठ्याने सांगायची आणि मी ते ऐकायचो.

त्या रजेत मात्र दुसऱ्याच दिवशी, शेतात ऊसतोड चालली असताना, माझ्या डोक्यावर मोळी देता देता ती हळूच म्हणाली, "मला तुमास्नी एक इचारायचं हाय. घरात नगं."

काय विचारायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पलटणीत मला फॅमिली क्वार्टर मंजूर होऊन वर्ष झालं होतं आणि मी अजून बराकीतच झोपत होतो. इंदू सातवी शिकलेली. तिने दोन पत्रांतून सरळ विचारलं होतं, मला कधी नेणार? दोन्ही पत्रांना मी तिकडच्या हवामानाबद्दल सविस्तर उत्तर पाठवलं होतं. कारण तिला न्यायचं तर आधी आईला विचारायला हवं होतं, आणि बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढलेल्या माझी तेवढी छाती नव्हती. घरातलं निम्मं काम इंदू ओढत होती. तिला मागणं म्हणजे आईचा उजवा हातच मागणं, असं मला वाटायचं.

पण निदान तिचं ऐकून तरी घ्यावं, एवढी माणुसकी माझ्यात होती. प्रश्न होता जागेचा. त्या काळी आमच्याकडे जोडप्याने नुसतं फिरायला जाणं ही गोष्टच नव्हती. देवाला तेवढं जाता यायचं. मग मी आईला सांगितलं की चौकीवर असताना एक नवस बोललो होतो, जतच्या पुढे एका घळीत देव आहे, जोडीनं जायला पाहिजे. ही घळ पलटणीतल्या एका जतच्या दोस्ताने मला वर्णन करून सांगितली होती. तो म्हणाला होता, उभे कडे हायत, तांबडा काळा खडक हाय, आन् माणूस म्हणशील तर औषदाला न्हाई. माझ्या कामाचं तेवढंच होतं. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दोन माणसांसाठी अकरा भाकऱ्या बांधून दिल्या.

एस.टी.तून उतरल्यावर सहा मैल चालायचं होतं. मी खाकी पँट, खाकी स्वेटर आणि पलटणीचे बूट घातले होते. हातात मीच काढलेला नकाशा, गळ्यात होकायंत्र. घळीत वाट चुकू नये म्हणून घरून भिजवलेल्या चुन्याचा डबा आणि काडीला गुंडाळलेलं फडकंही आणलं होतं. पलटणीत रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडाला चुना लावून हात बसलेला, त्यामुळे दर पन्नास पावलांवर मी थांबायचो, दगड निवडायचो आणि त्यावर झकास पांढरा पट्टा ओढायचो. इंदू म्हणाली, वाट एकच हाय, दोनी बाजूला कडा हाय, चुकायचं कसं? मी तिला नकाशाचं महत्त्व समजावून सांगितलं. ती डोक्यावरचा पदर घट्ट करून निमूट चालत राहिली. थंड वारा घळीतून सरळ तोंडावर येत होता.

तिसऱ्या वळणावर तिने घसा साफ केला. "आवं, त्ये इचारायचं हुतं..." एवढ्यात वरून शीळ आली आणि कड्यावरून मेंढरं उतरू लागली. मागून घोंगडं पांघरलेला मेंढका. त्याने माझे बूट पाहिले, होकायंत्र पाहिलं, चुन्याचा डबा फार निरखून पाहिला आणि विचारलं, सरकारी माणूस का? आता पलटण सरकारचीच. मी छाती पुढे काढून म्हणालो, सरकारीच की. खुणा करताय? म्हटलं, व्हय, खुणा करतोय. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. तो मेंढरं तिथेच सोडून कानडीत काहीतरी ओरडत पळत सुटला.

पुढच्या वळणावर पाच माणसं होती. त्याच्या पुढच्यावर बायकांसकट पंधरा. एकाने माझ्या हातातला डबा घेतला, दुसऱ्याने इंदूची भाकऱ्यांची पिशवी, तिसरा पुढे होऊन दगड साफ करून देऊ लागला. इंदूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, इकडची माणसं प्रेमळ असतात. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. पलटणीत मी ज्यांना साहेब म्हणायचो त्यांची संख्या मोठी होती आणि मला साहेब म्हणणारं अजून कोणी भेटलं नव्हतं.

दुपारपर्यंत घळीच्या पलीकडच्या तोंडाशी अख्खी वस्ती जमली, चाळीसएक माणसं आणि दोनशे मेंढरं. घोंगडी अंथरली गेली. शाळूची कणसं भाजून हुरडा चोळला गेला, बकरीच्या दुधाचा चहा आला. सिदराम नावाचा वस्तीतला सर्वांत म्हातारा माणूस काठी टेकत पुढे आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "सायब, पानी कुटवर चडंल?"

"कसलं पाणी?"

"तलावाचं की."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुष्काळात त्या भागात ओढ्याओढ्यांवर पाझर तलावाची कामं निघाली होती, आणि तलाव येण्याआधी कोणीतरी खाकी कपड्यातला यायचा, नळीतून बघायचा आणि दगडांवर चुन्याच्या खुणा करायचा. शेजारच्या दोन्ही वस्त्यांना असे तलाव झाले होते. इथे अजून टँकर येत होता, तोही मनात आलं तर. सिदरामने मला हळू आवाजात विनंती केली की ती शेवटची खूण पाच हात वर घेता आली तर बरं, पाणी मार्चपर्यंत पुरेल.

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. पण त्याचे डोळे बघून मला नाही म्हणवेना. मी उठलो आणि खूण पाच हात वर घेतली.

इंदू हे सगळं बघत होती. ती उठली, माझ्या हातातून फडकं काढून घेतलं आणि सिदरामकडे वळली. "आजोबा, ह्ये सायब न्हाईत. मिलिटरीत हवालदार हायत. खुणा वाट सापडावी म्हनून केल्यात. आमी निसतं फिराय आलोय."

मला वाटलं, आता काठ्या निघणार. पण सिदरामला तलाव गेल्याचं दुःख नंतर झालं असावं. आधी त्याला दुसरंच काही पटेना. "हितं? फिराय?" तो म्हणाला. "पोरी, हितं आमची मेंढरं बी नाइलाजानं येत्यात."

मग इंदूने सांगून टाकलं. घरी बोलायला मिळत नाही, नवऱ्याला एक विचारायचं आहे आणि सकाळपासून तेच राहिलं आहे. त्यावर सिदराम म्हणाला, मग विचार की. आणि चाळीसच्या चाळीस माणसं माझ्याकडे तोंड करून नीट बसली.

मला वाटलं ती लाजेल. ती पदर खोचून उभी राहिली. "क्वार्टर मिळून वरीस झालं. मला कवा न्हेनार?"

मी आईचं नाव घेतलं. घरचं काम, ऊस, वहिनीची पोरं, सगळं सांगितलं. हवामानही सांगितलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सिदरामने काठी जमिनीवर टेकवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हवालदार, तलाव द्याचं तुमच्या हातात न्हाई, त्येचं आमी काय म्हनत न्हाई. पर जे हातात हाय त्येला तरी न्हाई म्हनू नगा."

मला अतिशय लाज वाटली. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या माणसांना मी अर्धा दिवस फुकट आशा दाखवली होती, त्यांनी माझ्यावर रागवायचं सोडून माझ्या बायकोची बाजू घेतली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो की नेतो, याच रजेत नेतो. इंदूने आईच्या अकरा भाकऱ्या सोडल्या आणि तुकडे करून वस्तीतल्या सगळ्यांना वाटल्या. आम्हाला बसपर्यंत सोडायला तीसजण आले. दोघांचं असं बोलणं त्या दिवशी एकूण झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सोप्यात सुपात तांदूळ निवडत होती. मी तीनदा आत आलो आणि तीनदा बाहेर गेलो. चौथ्यांदा भिंतीकडे बघत एका दमात सांगून टाकलं की क्वार्टर मिळालंय, इंदूला न्यावं म्हणतोय, तुझी परवानगी असली तर.

"तिची ट्रंक मी गेल्या रजंतच भरून ठिवलीया," आई म्हणाली. "म्हनलं, क्वार्टर मिळालंय तवा ह्यो इचारील. तर तू गेलास की आपला एकलाच."

"मग तू का बोलली न्हाईस?"

"बायकू तुजी. म्या कशाला बोलू?"

मला विचारायला एक वर्ष, एक खोटा नवस आणि अख्खी वस्ती लागली. आईने हो म्हणताना तांदूळ निवडायचंसुद्धा थांबवलं नाही.