पहिल्या ओळीतल्या बाई

हजेरी घेताना दोन नावांच्या मध्ये बाई डोळे मिटायच्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, "आवळ. सोड. आवळ." पोरांना वाटायचं, बाई जप करायल्यात. मी शेजारच्या वर्गावर होते. मला खरं ठाऊक असल्यानं हसू दाबता दाबता फळ्यावरची ओळ वाकडी जायची.

बाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. त्या काळी कॅन्सर म्हटलं की लोक जिवंतपणीच माणसाची तिरडी बांधून मोकळे व्हायचे. बाई मुंबईहून मोठं ऑपरेशन करून परतल्या, आणि पुढं गेल्या त्या म्हातारपणानं, कॅन्सरनं नव्हे, हे मी मुद्दाम सांगते. पण लघवीचं सगळं बिघडलं होतं. भरल्याचं कळायचं नाही आणि शिंक आली, हसू आलं की लुगडं ओलं. वेळ धरून जात जा, खालचे स्नायू आवळत-सोडत जा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं.

शाळेत घंटा होती. घरी बाईंनी त्यासाठी रेल्वेगाड्यांच्या वेळा धरल्या. आमचं पूर्णा रेल्वेचंच गाव. "परभणीची पॅसिंजर गेली की मी जाते. पर मेली लेट झाली की माझी पंचाईत!" असं म्हणून त्या इतक्या हसायच्या की लगेच पळावं लागायचं.

एका गोष्टीचं मात्र त्यांना हसू येत नसे. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून पौर्णिमेची वंदना त्यांच्याच आवाजात व्हायची, विहारात पहिल्या ओळीत, पांढऱ्या चादरीवर बसून. ऑपरेशननंतर त्या दारातच उभ्या राहू लागल्या. वरचा सूर लावला की पोटावर ताण यायचा, आणि चादर तर पांढरीशुभ्र! बायका कुजबुजायच्या, "मुंबईची हवा लागली. खाली बसायची लाज वाटायलीय तिला." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मी सांगू का त्यांना?"

"तू गप. मला तोंड हाय," बाई म्हणायच्या. पण ते तोंड काही उघडेना. कॅन्सरला न भ्यालेली बाई, वंदना सुरू झाली की दारात मान खाली घालून उभी राहायची. मला ते पाहवत नसे.

वैशाखी पौर्णिमेला सकाळी वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकूंनी त्यांना दारातच गाठलं. "का गं, आमच्यात बसायला कमीपणा वाटतो का?"

बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्या भर विहारात म्हणाल्या, "काकू, मला मूत आवरत न्हाई. गाताना गळतं."

मग काकू म्हणाल्या, "अगं बया! एवढंच व्हय? लेकरं झाल्यापासून मला तरी कुठं आवरतंय? चल, बस."

मागून कुणीतरी "मलाबी" म्हणालं, आणि बायका अशा हसल्या की कितीजणींची लुगडी भिजली ते त्यांनाच ठाऊक.

बाई पहिल्या ओळीत बसल्या. असा आवाज लावला की स्टेशनावरचे हमालसुद्धा थबकले असतील. वंदना संपवून उठल्या तर चादरीवर तळहाताएवढा ओला डाग. मी पदर टाकायला धावले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. वंदना पुरी झाली ना?"

आमच्याकडे बाया असली कापडं अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या लुगड्याखाली वाळवतात. बाईंनी चादर धुतली आणि विहारासमोरच्या तारेवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, भर उन्हात वाळत घातली.