पिठावरचं पाऊल

आज भाकरी थापताना ओट्यावर पीठ सांडलं आणि त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. पुसायला फडकं घेतलं, ते हातातच राहिलं.

आई गेली तेव्हा तिच्या जागेवर आत्यानं दिवा लावला, शेजारी तांदळाचं पीठ पसरलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला, ते म्हणे सकाळी पिठावरच्या पावलावरून कळतं. घर माणसांनी भरलं होतं. मी सगळ्यांना चहा देत होते आणि मधेच कधीतरी मी माझ्यातून निघाले. वर पंख्यापाशी जाऊन खाली बघत राहिले. पदर खोचलेली एक बाई विचारत होती, ‘‘साखर चालते ना?’’ तिची आई गेली आहे एवढं मला माहीत होतं. रडू मात्र येत नव्हतं.

सकाळी आत्यानं टोपली उचलली. ‘‘चिमणीचं पाऊल आहे गं! सुटली तुझी आई.’’ सगळ्या वाकून बघू लागल्या.

आई कुठे गेली ते सगळ्यांनी पाहिलं. मी परत आले की नाही, ते कुणी पाहिलं नाही.

तवा केव्हाचा तापलाय. ओट्यावरच्या ठशांवर मी एकेक बोट ठेवून बघते आहे.