पाठमोरी वाटणी

इथे नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या बाजारातून आणलेला पाव घरी पोचेपर्यंत कोमट होता. त्याच्या वासासरशी आबा आठवले. त्यांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही.

एकाहत्तरच्या लढाईत आबा, माझे वडील, पाकिस्तानात युद्धकैदी होते. त्याबद्दल ते बोलत नसत. तिथली एक रीत मात्र त्यांनी घरी आणली होती. ताजा पाव आला की आई त्याचे तुकडे करी आणि आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहत. आई एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारी, "हा कुणाचा?" आबा न बघता नाव घेत. मोठा तुकडा कुणालाही गेला तरी कुरकुर करायची नाही. ताईला आणि मला तो खेळच वाटे.

एका संध्याकाळी ताई म्हणाली, "आबा, तुम्ही चोरून बघता! कडेचा खरपूस तुकडा बरा तुम्हालाच येतो!" आबा हसले. आईने पुढचा तुकडा दाखवला. "हा कुणाचा?"

"शंकरचा."

आमच्या घरात शंकर कुणीच नव्हता. आबा वळले नाहीत. त्यांची पाठ हलत होती.

"त्यांच्या बराकीतले," आई हळूच म्हणाली. "परत आले नाहीत." तो तुकडा तिने वेगळ्या ताटलीत ठेवला.

तेव्हा मी घाबरलो होतो. आज वाटतं, ते नाव त्यांनी त्याआधी कितीदा गिळलं असेल.

माझ्या मुलीलाही हा खेळ येतो. आज आणलेल्या पावाचे तिने तुकडे केले आणि मी भिंतीकडे वळलो. तिने डचमध्ये विचारलं, हा कुणाचा?

"आबांचा," मी म्हणालो.