तीन रंग, तीन रूबेन

बेने इस्रायल घरातली सिपोरा रोह्यात कॉम्प्युटर शिकवायची आणि वरसेला राहायची. १९९९च्या उन्हाळ्यात हमरापूरच्या मूर्तिकार निलेशने तिच्याकडे वेबसाइट मागितली. गिऱ्हाइकाने तीन गणपती निवडायचे, प्रत्येकाखालच्या यादीतून पीतांबराचा रंग ठरवायचा, की निलेशला ईमेल जाणार.

सिपोराने घरी बसून एक यादी बनवली आणि तीच खाली दोनदा उतरवली. मग लाल, पिवळा, हिरवा निवडून पाहिलं. पोचला नुसता हिरवा! पुन्हा केलं, पुन्हा शेवटचाच. तिने वैतागून कीबोर्ड आपटला. पण बाकीचे दोन रंग जातात तरी कुठे, हे कळल्याशिवाय तिला उठवेना.

तेवढ्यात आईने तिच्या भावाला हाक मारली, "ए वरसेच्या रूबेन, जेवायला ये रे!"

सिपोरा थबकली. आजोबा गेल्यावर त्यांच्या तिन्ही मुलांनी आपापल्या थोरल्याला त्यांचंच नाव ठेवलं होतं. मग वरसेचा, धाटावचा आणि पेणचा, असं म्हटल्याशिवाय नेमका रूबेन यायचाच नाही. आणि तिने तर कोडमध्ये तिन्ही याद्यांचं नाव 'रंग' ठेवलेलं. नंतरचा रंग आधीच्याला पुसत होता! तिने रंग एक, रंग दोन, रंग तीन अशी नावं दिली. तिन्ही रंग पोचले.

जेवताना ती म्हणाली, "आई, धाटावचा नि पेणचा कधीच इस्रायलला गेले. आता एकच रूबेन हाय, मग वरसेचा कशाला म्हणतेस?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली.

"आनि ते परत आले तर, गो?"